जुन्या युटिलिटीचा लाकडी हौदा बदलतो आहे: लाकूड, बोल्ट, चासी, सगळ्यावर सल्ला हवा

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वडिलांची १९७९ सालची डिझेल युटिलिटी, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी, अकरा वर्षे शेडमध्ये उभी होती. ते गेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. यंदा मी मनावर घेतले. इंजिन सुरू झाले, अडकलेला क्लच सुटला, पुढच्या ब्रेकचे काम झाले. आता हौद्यापाशी अडलो आहे.

हौदा पूर्ण लाकडी आहे. चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) लांबीचे दोन तीर, त्यांवर सहा आडव्या तुळया, त्यांवर २५ मिमी जाडीच्या फळ्या. लांबी २.४ मीटर, रुंदी १.८ मीटर. पुढे केबिनच्या काचेमागे लोखंडी जाळी, उरलेल्या तीन बाजूंना बिजागरीवर खाली पडणारे फाळके.

लांबून बघाल तर हौदा अजून पाच वर्षे जाईल असे वाटेल. मलाही वाटले होते. मग पेचकस घेऊन टोचत गेलो. दोन तुळयांच्या मधोमध फळी खणखणीत वाजते, पाते आत जात नाही. पण जिथे फळी तुळईवर टेकते तिथे पाते लोण्यात शिरावे तसे जाते. एक नाही, सगळ्या फळ्यांची हीच गत. मागची शेवटची तुळई बोटांनी चुरता येते. म्हणजे डागडुजी नाही, पूर्ण हौदाच नवा करावा लागणार.

प्रश्न बरेच आहेत. पुन्हा लाकूडच वापरावे की लोखंडी चौकट करून मोकळे व्हावे? लाकूड घ्यायचे तर कोणते, किती जाड? चासीला भोके न पाडता कसे बसवायचे? आणि हे सगळे एकदा सुटे केले की आणखी काय काय बघून घ्यावे, म्हणजे पुन्हा सोडवायला लागू नये? सुतारकाम मला बेताचे येते, घरातली दारे-कपाटे केली आहेत. गाडीचा हौदा पहिल्यांदाच करतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डाव्या फाळक्याच्या आतल्या बाजूला वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेले हिशेब आहेत. किती फेऱ्या, किती पोती, कुणाकडे किती बाकी. ती फळी मला टाकायची नाही. ती अजून चांगली आहे.

लोखंडी_घोडा

माझे मत सरळ आहे. लोखंडी चौकट, वर ३ मिमीचा खवल्यांचा पत्रा, विषय संपला. मी दोन गाड्यांना केला आहे. कुजत नाही, वाळवी लागत नाही, फावडे मारले तरी फळी उचकटत नाही. फक्त वजनाचा हिशेब करा. तुमच्या मापाचा तळ ४.३२ चौरस मीटर भरतो. ३ मिमी पत्र्याचेच साधारण १०० किलो होतात, चौकट वेगळी. अ‍ॅल्युमिनियमचा त्याच जाडीचा पत्रा ३५ किलोच्या आसपास भरेल, पण त्याला वेल्डिंगचा हात वेगळा लागतो.

चासीवाला

रानवाट, आधी पेचकस घेऊन टोचून बघितलेत हे फार चांगले केलेत. निम्मे लोक वरून रंग मारतात आणि भरल्या गाडीत फळी तुटली की धावत येतात.

माझे अर्धे आयुष्य ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेले, लाकडी आणि लोखंडी दोन्ही. लोखंडी वाईट नाही. पण जुन्या गाडीवर लाकूड का असायचे ते समजून घ्या, मग ठरवा. या गाड्यांची चासी म्हणजे एक शिडी. दोन्ही बाजूंना सी-चॅनेल, मध्ये आडव्या पट्ट्या. हे उघडे चॅनेल उभा भार उत्तम पेलते, पण पीळ अडवत नाही. अडवू नये अशीच रचना आहे. एक चाक खड्ड्यात, दुसरे दगडावर गेले की चासी पिळते आणि चारही चाके जमिनीला टेकून राहतात. लाकडी हौदा तिच्याबरोबर पिळतो, थोडा करकरतो आणि परत जागेवर येतो. त्याच चासीवर घट्ट वेल्डिंग केलेली लोखंडी पेटी सहा ठिकाणी आवळून बसवली की चासीला पिळायला जागा उरत नाही. मग केबिनच्या मागे, जिथे हौदा सुरू होतो, तिथे चासीला तडा जातो. नाही तर हौद्याचे वेल्ड तुटतात. म्हणून लोखंडी हौदा मागे घट्ट आणि पुढे स्प्रिंगच्या बोल्टवर बसवतात. लोखंडी_घोडा यांनीही तसेच केले असणार.

लाकडी करणार असाल तर लांबीचे तीर हा जीव आहे. ते चासीच्या वरच्या पट्टीवर पूर्ण लांबीभर टेकले पाहिजेत, मध्ये कुठे पोकळी नको. चासीवर रिव्हेटांची डोकी असतील तिथे तिराच्या बुडाला खोलगट खाच करा, तीर डोक्यांवर उचललेला राहू देऊ नका. आणि तिरांचे पुढचे टोक, केबिनकडचे शेवटचे वीतभर, खालच्या बाजूने तिरके तासा. चौकोनी टोक ठेवले तर हौद्याचा सगळा ताठपणा त्या एका रेषेवर संपतो आणि प्रत्येक खड्ड्याला ते टोक चासीला तिथेच दाबत राहते. तिरके केले की भार हळूहळू उतरतो. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि चासीचे आयुष्य त्यावर ठरते.

बसवायला यू-बोल्ट. चासीच्या चॅनेलची वरची आणि खालची पट्टी, या दोन्हींना भोक पाडायचे नाही, वेल्डिंग करायचे नाही. भोक लागलेच तर दोन्हींमधल्या उभ्या पत्र्यात. यू-बोल्ट आवळला की चॅनेलचे ओठ आत दबतात, म्हणून त्या जागी चॅनेलच्या पोकळीत ठोकळा घाला. सायलेन्सरच्या बाजूला तो लोखंडाचा घाला, लाकडाचा नको. यू-बोल्टच्या खालून ब्रेकची नळी किंवा वायर जात नाही ना, हे हाताने चाचपून बघा. नुसते डोळ्यांनी बघून चालत नाही.

नवी_शिकाऊ

काका, पट्ट्यांना भोक का नाही आणि उभ्या पत्र्याला का चालते? मला हे कुणी कधी नीट सांगितले नाही.

चासीवाला

चांगला प्रश्न आहे, ताई. चासी भाराने वाकते तेव्हा तिची एक पट्टी ताणली जाते, दुसरी दाबली जाते. सर्वात जास्त जोर या दोन कडांवर. उभ्या पत्र्याच्या मधोमध तो जोर जवळजवळ नसतो. ताणलेल्या जागी भोक म्हणजे तड्याला आयते दार. म्हणून कारखान्यातून आलेली भोकेसुद्धा बहुतेक उभ्या पत्र्यात दिसतील. असतील ती आधी वापरा.

रंधा_पटाशी

माझा आणि माझ्या आईचा धंदा लाकडाचा, त्यामुळे लाकडावर बोलते.

तुमच्या फळ्या कुठे कुजल्या ते तुम्हीच लिहिले आहे आणि उत्तर त्यातच आहे. लाकूड पाण्याने कुजत नाही, थांबलेल्या पाण्याने कुजते. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांवर ओल लागते, आणि नीट फोफावायला त्याहून बरीच जास्त, सुमारे ३० टक्के. फळीचा उघडा भाग पावसात भिजला तरी उन्हा-वाऱ्याने सुकतो. पण फळी आणि तुळई यांच्या चिमटीत शिरलेले पाणी दिवसचे दिवस बाहेर पडत नाही. त्यात तिथेच बोल्टचे भोक, म्हणजे फळीच्या पोटात पाणी जायला वाट. त्यामुळे कोणते लाकूड घेता याच्याइतकेच हे सांधे कसे करता हे महत्त्वाचे आहे. मी तर म्हणेन जास्तच.

तुळईच्या वरच्या अंगाला चिकट डांबरी किंवा ब्युटाइल रबराची पट्टी लावा, तुळईच्या रुंदीहून दोन्ही बाजूंना थोडी बाहेर, कडा खाली वळवून. बोल्ट तिच्यातून गेला की ती बोल्टभोवती घट्ट बसते. फळ्यांची टोके, म्हणजे जिथे तंतू कापलेले दिसतात तो भाग, बाजूंच्या कित्येक पट वेगाने पाणी पिते. टोकांना तेल किंवा रंग तीनदा द्या, आधीचा हात मुरल्यावर पुढचा. सगळ्या फळ्या सहाही अंगांनी रंगवून मगच जोडा. भोके पाडल्यावर भोकांच्या आतूनही ब्रश फिरवा. जोडल्यावर रंगवलेला हौदा फक्त फोटोत चांगला दिसतो.

आता लाकूड. कुठल्याही झाडाचे सालीलगतचे पांढरे लाकूड टिकत नाही, मग ते सागाचे का असेना. गाभ्याचे लाकूड निवडा. सागाचा गाभा तेलकट, टिकाऊ आणि आकसणे कमी. साल वृक्षाचे लाकूड वजनाला जड, ताकद भरपूर, तिरांना आणि तुळयांना उत्तम. केरुइंग हे आग्नेय आशियातले कठीण लाकूड ट्रेलरच्या तळांना फार वापरतात. झीज सोसते, पण उन्हात त्यातून चीक येतो, तो रंगाखालून वर येतो. ओक घेत असाल तर पांढरा घ्या, तांबडा नको. तांबड्या ओकच्या नळ्या मोकळ्या असतात, लहान तुकड्याच्या एका टोकाला फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडबुडे येतात. पांढऱ्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात.

फुगणे-आकसणे हिशेबात धरा. १५० मिमी रुंदीची आडव्या कापाची सागाची फळी ओलीत ८ टक्क्यांचा फरक पडला तर २ मिमीच्या आसपास हलते. तशीच पांढऱ्या ओकची फळी ४ मिमीहून थोडी जास्त. हौद्याच्या रुंदीत अशा बारा फळ्या आल्या तर ओकचा एकूण फरक पाच सेंटीमीटरच्या पुढे जातो. वाळलेल्या फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या तर पहिल्या पावसात त्या वर उचलतात किंवा कडेची चौकट बाहेर ढकलतात. उभ्या कापाची फळी, जिच्या टोकाला वर्षवलये उभी दिसतात, ती जवळपास निम्मीच हलते. मिळाली तर सोडू नका.

प्लायवूडबद्दल कुणी सुचवेलच. बाहेरच्या वापराचे, फिल्म लावलेले १८ मिमी प्लाय या मापाला ५० किलोच्या आतबाहेर भरेल आणि आकसण्याची कटकट नाही. पण कापलेली प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक बंद केले नाही तर पापुद्रे सुटतात, आणि एक कोपरा गेला की पूर्ण तक्ता बदलावा लागतो. फळी मात्र एकच बदलता येते. माझा कल फळ्यांकडे आहे.

कोपऱ्यातला

फळीचा सालीकडचा अंग वर ठेवायचा की गाभ्याकडचा? आमच्याकडे यावर दोन पिढ्यांत एकमत झाले नाही.

रंधा_पटाशी

दोन्हीला कारण आहे. आडव्या कापाची फळी वाळताना सालीच्या बाजूला खोलगट होते. साल वर ठेवली तर पन्हळ होऊन पाणी साचू शकते. गाभा वर ठेवला तर पाणी ओघळते, पण गाभ्याच्या अंगाला वलयांचे पापुद्रे उचलून सला सुटतात आणि पोती फाटतात. मी साल वर ठेवते आणि फळी १२५ मिमीहून रुंद घेत नाही. अरुंद फळीला पन्हळ पडायला जागाच नसते.

भटकी_चाके

यावर कारखान्यांनी काढलेला एक तोडगा सांगतो, कारण मला तो अजूनही सर्वात देखणा वाटतो. जुन्या अमेरिकी पिकअपमध्ये फळ्यांच्या दोन्ही कडांना अर्ध्या जाडीची खाच असते, दोन फळ्यांमधल्या त्या खाचेवर लांबच लांब लोखंडी पट्टी बसते आणि बोल्ट पट्टीतून खाली जातो. फळीला भोकच नाही. फळी पट्टीखाली रुंदीत मोकळी फुगते-आकसते, पण उचलत नाही. वरून ओझे सरकवायला पट्ट्या गुळगुळीत वाटेचे काम करतात. शेवरलेटच्या स्टेपसाइड पिकअपमध्ये असा लाकडी तळ १९८७ पर्यंत येत होता, म्हणजे ही पद्धत कारखान्यात चांगली दीर्घकाळ टिकली.

आता अंतरे बघा. केबिन आणि हौदा यांच्यात निदान ५० मिमी मोकळे ठेवा. केबिन रबरावर बसते, हौदा चासीवर, दोघांचे हलणे वेगळे. मोकळ्या गाडीत दोन बोटे अंतर दिसते आणि भरल्या गाडीत खड्ड्यात जाळी केबिनला घासते. चाकांच्या वरही तसेच. मोकळी गाडी उभी असताना मोजू नका. अ‍ॅक्सल वर जाऊन बंपर रबराला टेकेल तेव्हा टायर कुठे येईल ते मोजा आणि त्यावर आणखी मोकळी जागा सोडा. एका बाजूचे चाक एकटेच वर जाते तेव्हा टायर तिरका होतो, तेही धरा.

हौदा मागे लांबवायचा मोह होतो. करू नका. ओझ्याचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे राहिला पाहिजे. मागे गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

तारजोडणी

विजेचे कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. लोखंडी हौद्यात मागचे दिवे हौद्यालाच टेकून अर्थ (वीज परत जायची वाट) घेतात. लाकडातून अर्थ मिळत नाही. जुन्या लाकडी हौद्यांत बहुधा दिव्याच्या लोखंडी पट्टीतून कुठल्या तरी बोल्टवाटे चासीपर्यंत अर्थ जायचा, आणि तो बोल्ट गंजला की इंडिकेटर लावताच ब्रेकचा दिवा मिणमिणतो. प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी तार द्या, ती थेट चासीवर रंग खरवडून बोल्टने आवळा आणि वर ग्रीस लावा. तारा लाकडाच्या कडेवरून थेट नेऊ नका, नळीत घाला, आणि तुळयांच्या खालून नेताना यू-बोल्टपासून दूर ठेवा. कुठेही वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीची तार आणि अल्टरनेटरच्या तारा काढा.

हौदा उतरलेला असताना डिझेलच्या टाकीचा भरणा नळा आणि श्वास नळीही बघा. ते रबर तितकेच जुने आहे. एरवी तिथे हात पोचत नाही.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. लाकूडच करणार, हे चासीवाला काकांचा प्रतिसाद वाचून ठरले. भावाला घेऊन हौदा उतरवला.

आधी फोटो काढले, प्रत्येक तुळईचे अंतर वहीत लिहिले, कर्ण मोजले. जुन्या हौद्याचे दोन कर्ण १४ मिमीने वेगळे निघाले, म्हणजे तो कधीचा वाकडा झाला होता. चासीचे कर्ण मात्र बरोबर आले, तेव्हा जिवात जीव आला. अख्खा हौदा उचलण्याऐवजी आधी फळ्या काढल्या, मग तुळया, शेवटी तीर. बोल्ट एकही सुटला नाही. दोन दिवस तेल टाकून ठेवले, तरी कॅरेज बोल्टचे चौकोनी मान कुजलेल्या लाकडात गोल फिरत राहिले. शेवटी खालून नट ग्राइंडरने कापले. टाकीजवळचे चार मात्र हॅकसॉने. ठिणग्या नकोत म्हणून.

खालचे चित्र असे. वडिलांनी, किंवा त्यांच्या आधी कुणी, तीर आणि चासी यांच्यात जाड कापडी पट्टी घातली होती. ती पट्टी ओल धरून बसली असावी, कारण तिच्याखाली चासीच्या वरच्या पट्टीला खड्डे पडले आहेत. हातोडीने वाजवत गेलो, आवाज सगळीकडे भरीव येतो, कुठे आरपार नाही. सर्वात खोल खड्डा १ मिमीच्या आत. चासीच्या त्या पट्टीची जाडी ४ मिमी आहे. मागच्या ब्रेकची लोखंडी नळी जिथे क्लिपखाली होती तिथे मात्र गंजून खडबडीत झाली होती. ती पूर्ण बदलतो आहे. हौदा न उतरवता ती कधीच दिसली नसती आणि मी त्या नळीवर भरवसा ठेवून भरलेली गाडी चालवली असती. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

जुना रंग घासताना पाणी मारून घासतो आहे आणि मास्क लावतो आहे. इतक्या जुन्या रंगात शिसे असू शकते.

आता विचारायचे ते हे. तीर आणि चासी यांच्यात काय घालू? काही घालू की नको?

चासीवाला

कन्व्हेयर पट्ट्याचे कडक रबर. कापड नको, फोम नको, मऊ रबरही नको. कडक रबराने तीर घासत नाही, आवाज कमी येतो आणि रिव्हेटांजवळची बारीक उंचसखल भागते.

रंधा_पटाशी

काका, इथे माझे जमत नाही. पट्ट्याच्या आत कापडाचे थर असतात. कापलेल्या कडेने ते पाणी ओढतात. रानवाटांच्या गाडीत तेच झाले ना? मी तिराच्या बुडाला तीन हात रंग आणि चासीला इपॉक्सी प्रायमर व वर रंग देऊन लाकूड थेट टेकवते.

चासीवाला

थेट टेकवलेले तीरही मी काढले आहेत, त्यांच्याखालचा रंग पिळण्याने घासून निघालेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पट्ट्याच्या कडा मी रबराच्या द्रावणाने बंद करतो. तुमची पद्धत चुकीची म्हणत नाही. पण ओझ्याच्या गाडीला मी पट्टा घालीन.

रंधा_पटाशी

कडा बंद करत असाल तर माझी हरकत निम्मी कमी झाली. उरलेली निम्मी अशी, की पट्टा तिरापेक्षा रुंद ठेवू नका. बाहेर आलेल्या काठावर चिखल साचतो.

बोल्टांचेही सांगते. ओक किंवा टॅनिन जास्त असलेले कुठलेही लाकूड साध्या लोखंडाला लागले की निळे-काळे डाग पडतात, आणि लोखंडही लवकर जाते. तांब्याचे क्षार भरून टिकाऊ केलेले पाइन घेतले तर साधे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खाल्ले जातात. गरम जस्ताचा जाड मुलामा दिलेले बोल्ट घ्या. नुसता चमकदार पातळ मुलामा पुरत नाही. स्टेनलेस घेत असाल तर आट्यांना जाम न होणारे वंगण लावा, नायलॉनच्या नटात स्टेनलेस अडकला की मग कापूनच काढावा लागतो. नायलॉनचा नट, खाली मोठा वायसर.

रानवाट

पाच आठवड्यांनी येतो आहे. हौदा बसला!

तीर सालाचे, १०० × ७५ मिमी. तुळया सालाच्याच, सहाऐवजी सात केल्या, मागच्या टोकाला एक जास्त, कारण सगळे ओझे तिथूनच चढते. फळ्या सागाच्या, २५ मिमी, रुंदी १२०. भटकी_चाके यांची पट्ट्यांची पद्धत घेतली. कडांना १२ मिमीची खाच, ३ मिमीच्या लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा. एकूण तळाचे लाकूड साधारण ७० किलो भरले, पट्ट्या वेगळ्या. फळ्यांच्या मध्ये ४ मिमी फट ठेवली, ती पट्टीखाली झाकली जाते.

पट्टा घातला, कडा बंद करून, तिरापेक्षा ५ मिमी अरुंद. म्हणजे दोघांचेही ऐकले. तिरांची टोके तिरकी तासली. सालावर रंधा चालवताना हात भरून आले, पण त्या लाकडाचा भरवसा हातालाच कळतो. तारजोडणी यांच्या सांगण्याप्रमाणे अर्थच्या तीन तारा वेगळ्या दिल्या. डावा इंडिकेटर मला आठवते तेव्हापासून मंद होता, तो आता उजव्याइतकाच उजळ आहे.

पूर्ण लाकडाला जवसाचे उकळलेले तेल दिले, तीन हात, प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने जादा तेल पुसून. नवख्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. हे तेल हवेशी संयोग पावताना गरम होते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. मी पाण्याच्या बादलीत बुडवली, मग बाहेर उन्हात एकेक पसरून वाळवली.

सामान बांधायच्या कड्या फळ्यांना नाही, तुळयांना आरपार बोल्टने लावल्या, खाली लोखंडी पट्टी देऊन. दोरीचा ताण फळीवर येऊ नये म्हणून. सुमारे ५०० किमी चालवून सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळले. काही जवळजवळ अर्धा फेरा गेले, लाकूड दबले होते. पुढच्या पावसानंतर परत बघणार.

आणि ती हिशेबाची फळी. उजवा आणि मागचा फाळका नवा केला, डाव्याला चौकट नवी आणि आतली फळी तीच. अजून तिला काहीच लावलेले नाही. तेल लावले तर पेन्सिल जाईल का?

रंधा_पटाशी

पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच. उन्हाने उडत नाही, तेलात विरघळत नाही. जाते ती घासण्याने. म्हणून पहिला हात ब्रशने किंवा फडक्याने देऊ नका, अक्षरे पसरतील. तेल पातळ करून फवारा, आडवी ठेवून मुरू द्या, पुसू नका, दोन दिवस तशीच वाळू द्या. दुसरा हातही फवाऱ्याचाच. त्यानंतर हलक्या हाताने ब्रश चालेल. आधी फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने चार आकडे लिहून तिथे करून बघा. आणि तेलाने लाकूड गडद होते, त्यामुळे अक्षरे आतापेक्षा थोडी फिकी वाटतील. तेल लावायच्या आधी तिरप्या उजेडात एक फोटो काढून ठेवा, खोलवर उमटलेले आकडे त्यात स्पष्ट येतात.

रानवाट

फोटो काढला. तिरप्या उजेडात आणखी एक ओळ दिसली, इतकी वर्षे पुसट झालेली. वडिलांचे अक्षर: "मागची तुळई बदलणे." पुढे साल नाही.

मागच्या बाजूला करून बघितले, आकडे जागच्या जागी राहिले. आज संध्याकाळी पुढच्या बाजूला फवारतो.